आधी माणूस, मग सुई

आमच्या साडूंइतके प्रश्न विचारणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नाही, आणि होऊ नये अशी माझी देवाजवळ प्रार्थना आहे. हे मी रागानं बोलतोय असं कुणाला वाटेल. रागानंच बोलतोय. मी शिरूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. कंट्रोलर म्हणजे गाड्यांची नोंद ठेवणारा आणि गाडी लागली की भोंग्यावरून तसं सांगणारा माणूस, असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे कंट्रोलर हा दिवसभर ज्याला वाट्टेल ते विचारावं असा माणूस असतो. "दौंड गाडी कवा हाय?" "आत्ता गेली ती कंची व्हती?" "मंग आता दुसरी न्हाई व्हय?" गाडी समोर उभी, तिच्या कपाळावर पाटी, पाटीवर ठसठशीत गावाचं नाव, तरी खिडकीत मुंडकं घालून विचारणार, "ही न्हावऱ्याला जाती का?" एवढं सगळं अंगावर घेऊन बाजाराच्या दिवशी मी घरी यायचो, चपला काढायचो, आणि कॉटवर मांडी घालून बसलेले आमचे साडू म्हणायचे, "या कंट्रोलर. आज घाम कुठं कुठं आला?"

साडू म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला दौंडला. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांची चांगली नोकरी होती. नव्वद सालानंतर केव्हातरी त्यांची कंबर धरली, आणि पुण्यातल्या कुणा ॲक्युपंक्चरवाल्यानं सुया टोचून ती मोकळी केली. बरं वाटलं की माणूस नारळ फोडतो आणि गप्प बसतो. हे शिकायलाच गेले! रजा टाकून टाकून पुण्याला अपडाउन केलं, सर्टिफिकेट आणलं, पुढं मुदतीआधीच नोकरी सोडली आणि दौंडच्या घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना थाटला. भिंतीवर एका उघड्या चिनी माणसाचं भलंमोठं चित्र होतं. त्याच्या अंगभर रेघा आणि ठिपके, बाजूला चिनी अक्षरं. हळदीकुंकवाला बायका येतात म्हणून मेहुणीबाईंनी त्या चित्राच्या कमरेला कॅलेंडरचा कागद चिकटवून टाकला होता. त्या कागदाखाली महत्त्वाच्या जागा आहेत म्हणून साडू तो काढायचे, आणि लाज आहे का म्हणून मेहुणीबाई तो परत लावायच्या.

सुया टोचण्याला माझी हरकत नव्हती. खुशाल टोचा की. पण सुईपर्यंत पोचायचं कसं? साडूंचं म्हणणं असं, की चिनी शास्त्रात गुडघा नावाची वेगळी वस्तूच नाही. "गुडघा दुखत नसतो कंट्रोलर, माणूस दुखत असतो. दुखणं निघतं गुडघ्यात, मूळ असतं भलतीकडं." राग यकृतात राहतो, भीती मूत्रपिंडात, दुःख फुप्फुसात. अंगात लाकूड, आग, माती, धातू आणि पाणी असे पाच कारभारी, आणि त्यांचं ग्रामपंचायतीसारखंच एकमेकांशी पटत नाही. तेव्हा आधी सगळा माणूस समजून घ्यायचा आणि मग सुई. समजून घ्यायचा म्हणजे दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून, डोळे मिटून नाडी बघायची, जीभ बाहेर काढायला लावून ती उजेडात निरखायची, आणि मग विचारत सुटायचं. झोप कशी? स्वप्नात पाणी दिसतं का? सकाळी तोंडाला कडू लागतं का आंबट? थंडी आवडती का ऊन? घरात कुणाशी बोलणं बंद आहे? यवतचा एक म्हातारा गुडघा घेऊन आला होता. या शेवटच्या प्रश्नाला तो काठी टेकत उठलाच. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या डॉक्टर. गुडघा परवडला, पन सुनंचं नाव नका काढू." शिक्रापूरच्या कारखान्यांकडं माल नेणारा एक उत्तरेकडचा ट्रक ड्रायव्हर पाठ दुखते म्हणून आला, त्याला ह्यांनी आपल्या दौंडी हिंदीत तासभर उकरलं आणि शेवटी विचारलं, "गुस्सा आता है क्या?" तो म्हणाला, "अभी तक तो नहीं आया था, साहब."

लोकही काही कमी नव्हते. त्याच सुमाराला बाजारात चायनाची खेळणी आणि चायनाच्या बॅटऱ्या यायला लागल्या होत्या. सुया टोचून घेता घेता पेशंट विचारायचे, "चायनाचं हाय म्हंजी गॅरंटी न्हाई आसंल ना?" यावर साडू चिडायचे नाहीत. ही माणसं कधी चिडतच नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. ते शांतपणे त्या माणसाची जीभ परत एकदा बघायचे.

बरं, हे दवाखान्यापुरतं असतं तर मी कशाला तक्रार केली असती? यवतला आमच्याच नात्यातलं लग्न होतं. पंगतीत साडू माझ्या शेजारी. समोर नवऱ्या मुलाचे मामा आइस्क्रीमचा आग्रह करत फिरत होते. साडूंनी त्यांचा हात धरला. मला वाटलं, नको म्हणून धरला असेल. कसला! नाडी बघत होते! मामा एका हातात ट्रे घेऊन अवघडलेले, पाठीमागं वाढपी खोळंबलेले, आणि साडू डोळे मिटून म्हणतात, "पोटातला अग्नी विझत चाललाय तुमचा, आणि तुम्ही अख्ख्या मांडवाला बर्फ चारताय?" वर जीभ दाखवायला सांगितलं. आणि कमाल त्या मामांची, भर मांडवात त्यांनी ती दाखवली! तिकडं फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो घेतला. अजून त्या अल्बममध्ये नवरदेवाचे मामा आमच्या साडूंना जीभ काढून दाखवताना आहेत. त्या घरी गेलो की आधी तो अल्बम पुढं येतो, मग चहा.

मलाही त्यांनी सोडलं नाही. खिडकीत वाकून वाकून माझी मान धरली होती. साडू म्हणाले झोपा. झोपलो. त्यांनी सुया घातल्या त्या पायात. मी म्हटलं, "साडूभाऊ, मान इकडंय." तर म्हणाले, "मान नुसती ओरडतीय. मारणारा खाली बसलाय." एवढं बोलून ते शेजाऱ्यांकडं त्यांच्या म्हशीच्या तब्येतीची चौकशी करायला गेले आणि तिथंच रमले. मी पायात सुया घेऊन आडवा, आणि घरमालकीणबाई भाड्याची पावती द्यायला दारात उभ्या. त्या जी किंचाळल्या ती अख्खी आळी गोळा झाली. मान दुखायची राहिली हे खरं आहे. पण ती राहायचीच होती, असं माझं आजही मत आहे.

तर असे हे साडू बाजाराच्या दिवशी दौंडहून शिरूरला पेशंट बघायला यायचे, आणि पेशंट बघायची जागा म्हणजे आमची पुढची खोली. ती जी कसली वाळक्या पाल्याची कांडी पेटवून ते लोकांच्या अंगाजवळ धरायचे, तिचा वास पुढचा बाजार येईपर्यंत पडद्यांतून जायचा नाही. ह्यांना सरळ सांगून टाकायचं, बाबा रे आता पुरे, असं मी किती वेळा ठरवलं. बायको म्हणायची, "दाजींना वाईट वाटंल." माझ्या वाटण्याचं काय, हे कुणी विचारत नव्हतं. आणि साडूंनी विचारलंच, तर ते माझ्या यकृतासाठी विचारायचे.

अशात आबांना लकवा मारला. आबा म्हणजे माझे वडील. आमचं घराणं मेंढरं राखणारं. आबांचं निम्मं आयुष्य कळपामागं उन्हातान्हात गेलं, पुढं खुटबावच्या बाजूला जमिनीचा तुकडा झाला आणि मग वस्ती करून ते ऊस-कांदा करायला लागले. पण आवाज राहिला तो मेंढक्याचाच. या माळावरून हाळी दिली की त्या माळावरचं मेंढरू माघारी वळायचं. लहानपणी मी कुठंही असलो तरी ती हाळी मला गाठायची, आणि मी जागच्या जागी थांबायचो. असा तो माणूस एका सकाळी गोठ्यात पडला. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जीव वाचवला, पाय थोडाबहुत आला, उजवा हात काही आला नाही आणि वाचा गेली. नुसतं "बा, बा" यायचं. पाणी पाहिजे तरी "बा", उजेडाचा त्रास होतोय तरी "बा". आपण चुकीचं बोलतोय हे त्यांना कळायचं. डोळे भरून यायचे. मी त्यांना शिरूरला घरी आणलं, फोमची गादी घेतली, वर नवा पंखा लावला. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, की ह्यांना बोलतं ठेवा, गप्प राहिले तर आहे तेही जाईल. आणि महिन्याभरात आबांनी ते "बा"सुद्धा सोडून दिलं. भिंतीकडं तोंड करून पडायचे. सबंध स्टँड दिवसभर माझ्या कानाशी बोलत होतं, आणि मला जो आवाज ऐकायचा होता तो तेवढा बंद झाला होता. जेवणावरची वासना उडाली माझी.

साडू आले. गोळ्यांची चिठ्ठी आधी वाचली, "यातलं काही बंद करायचं नाही" म्हणाले, आणि आबांसमोर पाट घेऊन बसले. मला वाटलं आता सुया काढतील. त्यांनी विचारलं, "आबा, झोप कशी लागते?"

ज्या माणसाला वाचा नाही त्याला प्रश्न! बायको म्हणाली, "लागत न्हाई हो दाजी, पहाटंपर्यंत..." तर तिलाच गप्प केलं. "प्रश्न तुम्हाला विचारलेला नाही. त्यांना उत्तर द्यायचंय. त्यांच्या ताटातला घास तुम्ही उचलू नका." आणि बसून राहिले. आबा ह्यांच्याकडं बघतायत, हे आबांकडं बघतायत. चहा आला, त्यावर साय धरली. शेवटी आबांनी भिंतीकडं तोंड केलं. साडू म्हणाले, "बरं. आता भूक कशी आहे ते सांगा."

असे कितीतरी बाजार गेले. सुई नाही की काही नाही. मी एकदा भडकलोच. म्हटलं, "साडूभाऊ, टोचायचं असंल तर टोचा, नसंल तर त्या म्हाताऱ्याला छळू नका. त्यांना बोलता येत न्हाई, दिसत न्हाई का तुम्हाला?" ते म्हणाले, "मला अजून माणूस कळला नाही, कंट्रोलर." आणि उठून थेट खुटबावला गेले! आमच्या वस्तीवर मुक्काम टाकला, माझ्या चुलत्याला, चुलतीला, भावकीतल्या पोराटोरांना विचारून विचारून भंडावलं. आबा कुठं निजायचे? कशावर? पहाटे उठून पहिलं काय करायचे? चुलत्यानं मला फोन करून विचारलं, "तुजं साडू सीआयडीत हायेत का रं?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी खिडकीत. दौंड गाडी लागली. उतारू उतरले आणि कंडक्टर तरातरा माझ्याकडं आला. "साहेब, तुमचं पाव्हणं हायेत म्हून गप ऱ्हायलो. मेंढरू आणलंय गाडीत. आन् वर त्येचं हाफ तिकीट मागत्यात." मी बाहेर बघितलं. साडू फलाटावर उभे, खांद्यावर आबांची घोंगडी, आणि हातातल्या दोरीला आमच्या वस्तीवरची एक चांगली जाडजूड मेंढी. भोवती गर्दी. ते माझ्याकडं बघून ओरडले, "कंट्रोलर, ह्यांना सांगा, हे लगेज नाही. हे औषध आहे!" माझ्या उभ्या नोकरीत मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. खिडकी बदलीच्या माणसाच्या गळ्यात घालून मी ती वरात घरी नेली, ती सुद्धा मागच्या बोळातून.

घरी साडूंनी आबांना गादीवरून खाली घेतलं, फरशीवर घोंगडी अंथरून बसवलं, पंखा बंद केला, खिडकी उघडली. मग काही सुया टोचल्या, हातात, पायात, डोक्यावर. मेंढी सोडली मोकळी. तिनं आधी कॅलेंडरचा खालचा कोपरा खाल्ला, मग बायकोच्या भरतकामाचा अभ्रा ओढला, मग टीव्हीपुढं जी घाण करायची ती केली. खालून घरमालकीणबाई ओरडत होत्या, "अहो, वर काय चाललंय?" माझं डोकं फुटायची पाळी आली होती. साडूंनी आबांचा तो मेलेला हात उचलून मेंढीच्या पाठीवरच्या लोकरीत ठेवला आणि म्हणाले, "कुणाची ही, आबा?" या खेपेला आबा भिंतीकडं वळले नाहीत.

तेवढ्यात शेजारणीनं दार ढकललं. दार उघडं दिसताच मेंढीनं उडी घेतली ती थेट जिन्याकडं. बायको ओरडली. मी धावलो, घसरलो. आणि मागून आवाज आला.

"हुर्रर्रऽऽ हाऽऽ हैक!"

मेंढी जागच्या जागी थांबली. मीही थांबलो. लहानपणी थांबायचो तसाच. मागं वळून बघायचं धाडस होईना. आबा घोंगडीवर ताठ बसले होते, डोक्यात सुया तशाच, आणि तोंड उघडं. स्वतःच्या आवाजानं तेही दचकले होते. मेंढी मुकाट माघारी आली आणि त्यांच्यापाशी उभी राहिली.

अशा वेळी कुठल्याही शहाण्या माणसानं हात जोडले असते. साडू पाट ओढून पुढं सरकले. "आबा, हा आवाज पोटातून आला का छातीतून? आता तोंडाला चव कशी? घसा कोरडा पडला का ओला?" आबांनी डावा हात उचलला. ओठ हलले, नुसतेच हलले, मग शब्द आला. "घा... घालवा."

बायकोनं डोळे पुसत मेंढीची दोरी धरली. आबांनी जोरजोरात मान हलवली. बोट मेंढीकडं नव्हतं. "ह्येला," आबा म्हणाले. "ह्येला... घालवा."

हे मी इतकी वर्षं मनात म्हणत होतो! माझ्या बापानं ते तोंडानं म्हटलं, आणि मला हसू येईना की रडू येईना. साडू मात्र खोलीभर नाचत होते. "मला म्हणाले! ऐकलंत का? मलाच म्हणाले! घालवा म्हणाले!" त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मग ते खाली बसले आणि फडकं घेऊन टीव्हीपुढची घाण स्वतःच्या हातानं पुसली.

ही सुयांची करामत, का मेंढीची, का डॉक्टरांनी सांगितलं तसं बोलतं ठेवण्याची, ते मला ठाऊक नाही. साडूंना विचारलं तर ते म्हणायचे, "असं वेगळं वेगळं नसतं, कंट्रोलर," आणि माझं डोकं परत फिरायचं. आबांचा हात अखेरपर्यंत आला नाही. शब्द मात्र एकेक करून आले, आणि आले त्यातले बहुतेक साडूंना हाणायला कामाला आले. बाजार आला की साडू पाटावर, आबा घोंगडीवर, हे प्रश्न विचारतायत आणि ते "गप", "ऊठ", "येडं हाय" अशी उत्तरं देतायत. आज आबा नाहीत. त्या दिवसांतला एकच बाजार मला राहून राहून आठवतो. त्या दिवशी साडू आले नाहीत.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. घर शांत होतं, पडद्यांना वास नव्हता. संध्याकाळी मी पाय पसरून पेपर उघडला. आबा दाराकडं तोंड करून बसले होते. सकाळपासून ते तसेच बसलेत, असं बायको म्हणाली. थोड्या वेळानं त्यांनी मला हात केला. शब्द जुळवायला त्यांना फार कष्ट पडायचे. "पाव्हणं," ते म्हणाले. मग थांबले. "आलं... न्हाईत?"

पडल्यापासून त्यांनी कुणाला काही विचारलं नव्हतं. मी दौंडला फोन लावला. मेहुणीबाईंनी उचलला. म्हणाल्या, "अहो, तापानं फणफणलेत. पडलेत भिंतीकडं तोंड करून. मी म्हटलं शिरूरला कळवू का, तर म्हणाले, कशाला? कंट्रोलर सुटलो म्हणतील आज. म्हातारबाबांनाही जरा आराम." मी म्हटलं, द्या त्यांना फोन, आणि रिसीव्हर आबांच्या तोंडाशी धरला.

आबांनी डाव्या हातानं ती काळी वस्तू तोंडाजवळ ओढली. मग त्यांनी छाती भरून घेतली आणि म्हणाले, "या."

पलीकडून मेहुणीबाईंचा आवाज आला, "काय हो, काय बोललात तुम्ही ह्यांना? रडतायत नुसते."

दुसऱ्या दिवशी बाजार नव्हता. सकाळच्या दौंड गाडीची वेळ झाली तसा मी खिडकी सोडली आणि फलाटावर जाऊन उभा राहिलो. साडू कानाला मफलर गुंडाळून, दाराच्या दांडीला धरून उतरले. मी त्यांची सुयांची पिशवी घेतली. तर जागेवरच उभे राहून, भर गर्दीत, विचारायला लागले. "नुसतं 'या' म्हणाले, का आधी माझी आठवण काढली होती? कितीदा? स्वतःहून का तुम्ही विचारलंत म्हणून?"

मी म्हटलं, "मला काय विचारता? घरी चला आणि त्यांनाच विचारा. सांगतील ते."